बारशाला न आलेली आत्या

"...आणि डॉक्टर म्हणाले, हे आईकडून येतं," एवढंच सुलभाचं बोलणं भामाबाईंच्या कानावर पडलं. तेवढ्यात पिठाची गिरणी सुरू झाली. पुढचं वाक्य भामाबाईंनी दळण घरी नेईपर्यंत पदरचं घालून पुरं केलं. संध्याकाळी गावभर झालं, कासाराच्या सुलभाच्या अंगात काहीतरी आहे, आणि ते लागतं.

गाव बाजाराचं. तिथे मधू नावाचा कासार होता. बांगड्या तो विकायचा, भरायची त्याची बायको सुलभा. हात असा हलका, की बांगडी कधी चढली ते कळायचंही नाही. पुष्कळ वर्षांनी तिला मुलगी झाली. पोर गोड, पण मान धरेना, डोळे जरा तिरपे, दूध पिताना धाप लागायची.

शहरातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि एक फोटो दाखवला. माणसाच्या पेशीत गुणसूत्रं असतात. एक आईकडचं, एक बापाकडचं, अशा तेवीस जोड्या. फोटोत त्या बांगड्यांसारख्या ओळीने मांडलेल्या होत्या. एकविसाव्या जागी मात्र दोनाऐवजी तीन.

"हे बहुतेकदा आईकडून येतं, कधी बापाकडूनही," डॉक्टर म्हणाले. "आपोआप घडतं. कुणाची चूक नाही, कुणाला लागतही नाही. पण पोरीच्या हृदयाला छिद्र आहे, तिला जपा."

परतताना सुलभा म्हणाली, "आपण डाव्या हातात एक जास्तीची भरतो ना, शकुनाची म्हणून? हिला देवानं आतच भरली."

पण आता बायका दुकानाची पायरी चढेनात. "हिच्या हातून हिरव्या भरायच्या? नको गं बाई, सून पोटुशी आहे माझी!"

तपासण्यांमुळे लांबलेलं बारसं आलं. नाव आत्याने ठेवायचं, म्हणून मधू धाकट्या बहिणीकडे, कुंदाकडे, आमंत्रण घेऊन गेला. तिने दारातच विचारलं, "दादा, खरं सांग, लागतं का रे ते? मला सातवा सुरू आहे."

मधूला सगळं ठाऊक होतं. पण बहिणीचं सासर ऐकत होतं. खोट आपल्या घराण्यात नाही असं त्यांना वाटलेलं बरं, असा त्याने विचार केला. खाली मान घालून म्हणाला, "डॉक्टर म्हणाले, आईकडून येतं." आणि तिथेच थांबला.

तिथे काही गिरणी सुरू नव्हती.

कुंदा आली नाही. गावातलीही कुणी आली नाही. सुलभाने पाळण्याखालून बाळ पुढे केलं. पलीकडून घ्यायला हात नव्हते. तिने ते तसंच परत उराशी धरलं. दिवस हिवाळ्याचे; त्या थंडीत पोरीला धाप लागली ती लागलीच. बिननावाचीच गेली.

कुंदा भेटायला आली तेव्हा मधूने रडत रडत डॉक्टरांचं सगळं बोलणं सांगितलं.

"मग त्या दिवशी तोंडाला काय झालं होतं रे तुझ्या?" कुंदा म्हणाली. "मी नाव ठरवून ठेवलं होतं. वहिनी, नाव तिचं—"

"नका सांगू, वन्सं," सुलभा म्हणाली. "आता हाक कुणाला मारू?"

गिरणीतलं ते वाक्य खोटं नव्हतं. नुसतं अर्धं होतं.

तात्पर्य: 'कुठून आलं' म्हणजे 'कुणी केलं' नव्हे. अर्धं ऐकून बोलणारा अडाणी; पण पुरं माहीत असून अर्ध्यावर थांबणारा खरा गुन्हेगार.