घाटातला मुका बाजार

फार पूर्वीची ही गोष्ट. खडकावरचा तो व्यवहार मी पाहिलेला नाही. आणि तो करणाऱ्यांनीही एकमेकांना कधी पाहिले नव्हते.

डोंगरावरच्या गावात मध होता, मीठ नव्हते. समुद्राकाठच्या लोकांकडे मीठ होते, मध नव्हता. दोघांची भाषा वेगळी. म्हणून घाटातल्या एका सपाट खडकावर डोंगरवाले मधाची गाडगी ठेवत, खुणेसाठी धूर करत आणि वळणाआड जात. खालचे लोक येत, शेजारी मीठ ओतत आणि तेही दूर होत. मीठ पुरेसे वाटले तर डोंगरवाले ते उचलत, मग खालचे मध नेत. कमी वाटले तर दोन्ही तसेच ठेवून पुन्हा वाट पाहायची. दोन्ही वस्तू एकाच बाजूने कधी नेल्या नव्हत्या.

नव्या पाटलाला हे वाट पाहणे सोसेना. मध वाहून नेण्याचे काम त्याच्या थोरल्या बहिणीचे होते. त्याने तिला विचारले, “अक्का, ज्याचं तोंड पाहिलं नाही, त्याच्याशी कसला व्यवहार?”

“तोंड पाहायचं ते सोयरिकीला. तुला मीठ हवंय की जावई?”

“एवढ्याशा मिठात मध नेला म्हणून हसत असतील ते आपल्याला.”

“हसू देत. गुरांना चाटायला मिळतंय ना?”

तरीही पाटील कारवीच्या झुडपांत लपला. खालचा एक माणूस मीठ ओतू लागताच तो भाव विचारायला पुढे झाला. त्या माणसाने त्याच्या कमरेचा कोयता पाहिला आणि टोपली टाकून पळ काढला. पाटील बराच वेळ थांबला. मग सांडलेले मीठ भरून, मधही उचलून घरी आला.

“वायाच गेलं असतं,” तो म्हणाला. अक्काने त्या मिठाला हात लावला नाही.

पुढच्या हंगामात खडकावर ठेवलेल्या मधाला मुंग्या लागल्या. मीठ आले नाही. गुरे भिंती चाटू लागली, गाई आटल्या. अक्का मात्र दर हंगामात गाडगी ठेवत राहिली. पाय थकले, तेव्हा काठी टेकत गेली.

एका सकाळी पाटीलही तिच्यासोबत गेला, तर खडकावरची गाडगी रिकामी होती. मीठ नव्हतेच.

“चोर!” पाटील ओरडला.

“चोर कसले? तू आणलेल्या मिठाचा मोबदला नेला असेल.” अक्का खडकावर टेकली. “फिटलं असेल, तर येतील.”

देवाणघेवाणीत मालाआधी विश्वास मांडावा लागतो. तोच उचलून नेला, तर मागे उरलेल्या मालाला भाव राहत नाही.

तो मध माणसांनी नेला की अस्वलाने खाल्ला, हे आजवर कोणालाही सांगता आलेले नाही.