रिकाम्या वाटीतला थँक्यू

फार पूर्वी डोंगरापलीकडच्या एका गावात एक म्हातारी एकटीच राहायची. तिच्या दारात लिंबोणीचं झाड होतं आणि हाताला अशी चव, की तापातून उठलेल्या माणसालाही तिच्या लोणच्याशी भाकरी गोड लागायची. कुणी आजारी पडलं, कुणाला डोहाळे लागले, की ती आपल्या वाटीत लोणचं घालून द्यायची.

लोणच्याचं मोल तिनं कधी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. पण गावाची रीत होती, दुसऱ्याची वाटी रिकामी परत करायची नाही. घासूनपुसून आलेल्या वाटीत कधी मूठभर तांदूळ असायचे, कधी डाळ, कधी गुळाचा खडा. त्यावरच म्हातारीची चूल पेटायची. तिला कुणी भीक घातली नाही, तिनं कुणापुढे हात पसरला नाही.

एकदा गावात एक गोरा साहेब आला. पाखरं बघायला आला होता म्हणे! कुणी पाणी दिलं, भाकर दिली, म्हातारीनं लोणचं दिलं, की तो मान लववून म्हणायचा, "थँक्यू."

"म्हणजे काय हो साहेब?" लोकांनी विचारलं.

"कुणी काही दिलं की आम्ही असं म्हणतो," साहेब म्हणाला आणि पाखरांमागे पुढच्या गावाला निघून गेला.

शब्द मात्र मागे राहिला. गावाला तो भलताच आवडला. पोरं तर दूध काढून झाल्यावर म्हशीलाही थँक्यू म्हणू लागली.

एके दिवशी पाटलीणबाईंना घाई होती. त्यांनी गड्याच्या हाती म्हातारीची वाटी तशीच पाठवली आणि सांगितलं, "आज्जीला थँक्यू म्हणावं." म्हातारीला वाटलं, विसरल्या असतील. पण पाटलीणबाई करतात तर आपण का नाही, असं म्हणत हळूहळू सगळ्याच घरांतून वाट्या रिकाम्या येऊ लागल्या. सोबत थँक्यू असायचाच. म्हातारी वाटी फळीवर पालथी घालायची आणि पुन्हा कुणी आलं की लोणचं द्यायची. मागायचं कसं, हे तिला ठाऊकच नव्हतं.

पुढं पाटलांची लेक तुळसा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. तिच्या तोंडाला चव नव्हती. म्हातारीचं लोणचं आलं तेव्हा कुठं ती पोटभर जेवली. मग वाटी घासून तिनं तांदळाच्या डब्यात हात घातला.

"अगं, आता थँक्यू म्हटलं की झालं," पाटलीणबाई म्हणाल्या.

तुळसानं ऐकलं नाही. वाटी भरून ती स्वतःच निघाली. म्हातारीच्या घरात पाहते तर चुलीतल्या राखेत मांजर निवांत झोपलेलं.

"आज्जी, चूल गार का गं?"

"भूकच नाही बघ. वय झालं की होतं असं."

तुळसानं एकेक डबा उघडून पाहिला. सगळे रिकामे. तिला रडूच फुटलं. "आज्जी, सांगायचं नाहीस का?"

"काय सांगू बाळ? सगळे थँक्यू म्हणतात की. चांगलाच शब्द असणार तो."

तुळसानं तिथंच चूल पेटवली, भात शिजत घातला आणि बाहेर आली. तेवढ्यात साहेब परतीच्या वाटेवर गावात शिरला होता. चावडीवर त्याच्याभोवती सगळे जमले होते, पाटलीणबाईसुद्धा. तुळसानं सगळ्यांदेखत विचारलं, "साहेब, तुमच्या शब्दाचा पुरता अर्थ काय?"

"पुरता अर्थ मला कुणी विचारलाच नाही," साहेब म्हणाला. "आमच्या भाषेत या शब्दाचं आणि 'विचार करणं' या शब्दाचं मूळ एकच. फार जुन्या काळी याचा अर्थ होता, मनातला विचार. मग तो दुसऱ्याबद्दलचा चांगला विचार झाला, आणि मग कृतज्ञता. थँक्यू म्हणजे, तू माझ्यासाठी केलंस ते माझ्या मनात आहे."

"मग आमची आज्जी कुणाच्या मनात होती?" तुळसा म्हणाली. "तिच्या चुलीत मांजर झोपलंय."

साहेबाचाही चेहरा पडला, कारण लोणचं त्यानंही खाल्लं होतं. पाटलीणबाई उठल्या. घरी जाऊन त्यांनी वाटीभर साजूक तूप घेतलं आणि गड्याला हाक न मारता स्वतः म्हातारीच्या दारी गेल्या.

"आज्जी, चुकले मी," त्या म्हणाल्या आणि उतरलेला भात त्यांनी आपल्या हातानं तिला वाढला. मागून एकेक बाई पदराआड काही ना काही घेऊन येत होती.

म्हातारीनं पहिला घास घेतला. डोळे पुसून तिनं पाटलीणबाईंचा हात धरला आणि म्हणाली, "थँक्यू गं बाई."

त्या गावात तो शब्द पुरत्या अर्थानं पहिल्यांदाच कुणी म्हटला होता. लोक अजूनही थँक्यू म्हणतात, पण भरल्या वाटीसोबत. मांजराला तेवढी झोपायला दुसरी जागा शोधावी लागली.

तात्पर्य एवढंच: आभार तोंडानं जरूर मानावेत, पण ज्याचे मानले तो जेवला का, हेही मनात असू द्यावं.