पीरखाँचा अंगठा

“ती परत का येते?”

प्रश्न उस्ताद पीरखाँचा. समोर सुभानराव उभा. डाव्या हातात चामड्याचा मोजा, मोज्यावर त्याची बहिरी. बहिरी म्हणजे ससाण्यांतली सगळ्यात झपाट्याची जात. शिकारीला तिच्यातली मादीच घेतात, नर अंगानं लहान पडतो.

“माझ्यावर जीव आहे तिचा,” सुभानराव म्हणाला.

पीरखाँनी दाढीवरून हात फिरवला.

“असं?”

“नाहीतर काय! एक शीळ घातली की आभाळातून सरळ हातावर. दुसरी घालावीच लागत नाही, उस्ताद. साऱ्या शिकारखान्यात असं दुसरं पाखरू दाखवा मला.”

काय छाती फुगली होती पठ्ठ्याची! सरदार घराण्यातला हा धाकटा. थोरल्याला वतन आणि धाकट्याला टोमणे, अशी त्या घरातली वाटणी. बापानं तर भर पंगतीत म्हटलं होतं, “याच्या हातून काय होणार? बसेल पाखरं उडवत.” म्हणून हा हट्टानं खरंच पाखरं उडवायला आला.

पीरखाँ आता थकले होते. त्यांच्यामागं संस्थानाची बाजदारी, म्हणजे शिकारी पाखरांचा सारा कारभार सांभाळायची जागा, कुणाला द्यायची, ते सरकार रथसप्तमीच्या शिकारीत ठरवणार होते. सुभानरावाला ती हवी होती. इतकी हवी होती की बोलता बोलता त्याचा आवाज चढायचा.

“बघू,” म्हणत पीरखाँनी हात पुढं केला.

त्यांनी पाखराला कुरवाळलं नाही. अंगठा तिच्या छातीवर ठेवला, पिसांच्या आत. छातीच्या मधोमध उभं हाड असतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मांस. बाजदार रोज तिथं अंगठा फिरवतो. तराजू त्याला लागत नाही.

अंगठा खाली गेला, वर आला. पुन्हा खाली गेला.

“खायला काय घालतोस?”

“पारव्याचं मांस.”

“किती?”

“… बेताचं.”

“बेत कुणी ठरवला? तू की तिनं?”

सुभानरावानं हातावरचा मोजा सावरला.

भुकेलं पाखरू लवकर ऐकतं, हे त्याला सुरुवातीलाच कळलं होतं. त्यात खोटं काही नाही. भरल्या पोटाचं पाखरू झाडावर बसतं आणि खाली तुम्ही शिट्ट्या मारत फिरता, ते बघत राहतं. पण सुभानरावाचं काय झालं, एक घास कमी केला तर पाखरू झटकन आलं. आणखी एक कमी केला, तर आणखी झटकन आलं. लोक वाहवा म्हणाले. मग काय, चटकच लागली त्याला.

“तुझा अंगठा ठेव इथं.”

त्यानं ठेवला.

“काय लागतं?”

“हाड.”

“कसं?”

सुभानरावानं ओठ चावला. “विळ्याच्या पात्यासारखं.”

“हं.” पीरखाँ पाखराकडं बघत होते, सुभानरावाकडं नाही. “तुला वाटतं ही उडत येते. ही उडत नाही रे, राजा. ही पडते आहे. मध्ये तुझा हात येतो, एवढंच.”

सुभानरावानं अंगठा झटकन मागं घेतला. शाबासकी घ्यायला आलेला माणूस तो! त्याला राग आला, आधी उस्तादांचा आणि मग स्वतःचा.

“रथसप्तमी तोंडावर आली, उस्ताद.”

“आली खरी.”

“आता खायला घातलं तर अंगात जोर येईल. जोर आला की ऐकायची नाही.”

“बरोबर.”

“सगळ्यांच्या देखत निघून जाईल.”

“जाईलही.”

“आणि नाही घातलं तर?”

“तर येईल की! एका शिळेत येईल. सरकार पागोटं बांधतील तुला. हिच्यासाठी खड्डा कुठं खणायचा, तेवढं मात्र आत्ताच बघून ठेव.”

“मग मी करू काय?”

“पाखरू तुझं.”

“उस्ताद, तुम्ही सांगाल ते करतो. सांगा ना!”

पीरखाँनी पाण्याचा तांब्या उचलला. नमाजाची वेळ झाली होती. ते चालू लागले.

म्हाताऱ्याची ही खोडच. प्रश्न विचारून माणसाला ढवळून काढायचं आणि उत्तराची वेळ आली की उठून जायचं. शिकारखान्यातले सगळे या खोडीला वैतागलेले. पण उस्तादांपुढं बोलणार कोण?

सुभानराव तिथंच ओट्यावर बसला. थोड्या वेळानं त्यानं रोजच्यासारखं मांस कापलं आणि रोजचा इवलासा तुकडा पुढं केला. बहिरीनं तो गिळला. मग मोज्यावर लागलेलं रक्त टिपलं. मग नुसतंच चामडं टोचत राहिली. तिथं काही नव्हतं, तरी टोचत राहिली.

हे ती रोजच करायची. तो रोज म्हणायचा, बघा कशी लाडात येते.

“अरे देवा,” तो एकटाच म्हणाला. शरमेनं त्याचे कान तापले.

त्यानं आणखी मांस दिलं. जपून, थोडं थोडं, कारण खंगलेल्या पाखराला एकदम दिलं तर तेही बाधतं. बहिरीनं खाल्लं, चोच मोज्यावर पुसली, अंग झाडलं आणि पंजा आवळला. चामड्यातून नख्या बोटांना जाणवल्या. इतके दिवस तिनं हात असा कधी धरलाच नव्हता, हे त्याला तेव्हा कळलं.

पुढं रोज तिचं खाणं वाढत गेलं आणि सुभानरावाची अब्रू रोज कमी होत गेली. पाखरू फडफडायला लागलं, ओरडायला लागलं. एकदा तर त्याच्या मनगटाला कडकडून चावलं. पायाला लांब दोरी बांधून उडवलं तर एका शिळेवर येईना, दोन शिळांवर येईना.

“राव, तुमची बहिरी खरंच बहिरी झाली की हो!” बाकीचे खिदळले.

तो पीरखाँकडं गेला. “उस्ताद, ऐकत नाही ती.”

“हाड कसं लागतं?”

“भरलंय. दोन्ही बाजूंनी.”

“बरं,” म्हणून पीरखाँ टोपीची वादी शिवत राहिले. पाखराच्या डोळ्यांवर घालतात ती चामड्याची टोपी. त्यांनी मान वर केली नाही.

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी सुभानरावानं मांस कापलं आणि हात आखडला. एक दिवस उपास पडला तर पाखरू काही मरत नव्हतं. जाणते बाजदारही शिकारीआधी खाणं तोडतात. पण तिच्या अंगावर आत्ता कुठं मांस धरलं होतं. आणि खाणं तोडायचं ते तिच्यासाठी की पागोट्यासाठी, हे त्याचं त्यालाच सांगता येईना. तुकडा त्यानं उचलला, खाली ठेवला. पुन्हा उचलला.

बहिरी त्याच्याकडं बघत होती.

“घे बाई,” तो म्हणाला आणि सगळं देऊन टाकलं.

रथसप्तमीला तळ्याकाठी सारं संस्थान लोटलं होतं. सरकार घोड्यावर. मागं सरदार मंडळी, त्यांत सुभानरावाचा बाप. तळ्यावर बदकांचे थवे उतरलेले. नगारा वाजला की बदकं उठणार, वरून बहिरी पडणार, असा दरवर्षीचा शिरस्ता.

सुभानरावानं तिच्या डोळ्यांवरची टोपी काढली. हात उचलला.

ती उठली.

त्यानं तिला आजवर अशी उठताना पाहिलं नव्हतं. पंखांचा फटका त्याच्या गालाला लागला. एक घिरटी घेतली, दुसरी घेतली. प्रत्येक घिरटीत वर. नगारा वाजला, बदकं कलकलाट करत उठली. तिनं त्यांच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. पायातलं घुंगरू ऐकू येईनासं झालं. मग ती डोंगराच्या वर एक ठिपका झाली, आणि मग ठिपकाही दिसेना.

सुभानरावानं शीळ घातली. पुन्हा घातली. ओठ सुकले, शीळ वाजेना, तेव्हा आमिषाची दोरी गरगर फिरवली.

आभाळ रिकामं.

“खाऊनपिऊन माहेरी गेली!” गर्दीतून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. सुभानरावाच्या बापानं घोडा वळवला आणि मागं न बघता निघून गेला.

सुभानरावाचे डोळे भरले. नाक कापलं गेलं होतं, बाजदारी गेली होती आणि पाखरूही गेलं होतं. आणि तरी, हे त्यानं पुढं कुणाकुणाला सांगितलं, त्या दुःखात त्याला कुठंतरी फार बरंही वाटत होतं. त्यामुळं तो आणखीच गोंधळला. मान वर करून तसाच उभा राहिला.

सरकारांनी घोडा पीरखाँच्या जवळ आणला. ते रागावले नव्हते, पण हिरमुसले होते.

“उस्ताद, तुमच्या शागिर्दाचं पाखरू तर गेलं.”

“जी.”

“आता बाजदारी द्यायची कुणाला?”

पीरखाँनी कपाळावर आडवा हात धरला. बराच वेळ ते डोंगराकडं बघत राहिले. त्या वयात लांबचं त्यांना काय दिसणार!

“सरकार, केवढी उंच गेली हो?”

“उंच?” सरकारांना हसू आलं. “अहो, बघता बघता मागं पागोटं पडलं आमचं! इतकं उंच चढलेलं पाखरू जन्मात पाहिलं नाही आम्ही.”

“मग विचारता काय, सरकार?” पीरखाँनी अंगठ्यानं सुभानरावाकडं दाखवलं.