शिळाछापातला उंदीर

फ्रान्स देशात, द्राक्षांच्या मळ्यांपलीकडे, एक जंगल होतं. गोष्ट शिळाछापाच्या, म्हणजे दगडावरून चित्रं छापायच्या काळातली. तिथे एक साळिंदर स्वतःच्याच काट्याने दगडावर चित्रं काढी. मुशा उंदीर त्या दगडाला शाई लावी. शनिवारी छाप दुकानाच्या काचेत लागले की सारं जंगल हसायला जमे. तेव्हा सगळे मिळून एकाच गोष्टीला हसत.

राजेसाहेब अस्वल होते. सरकारी कोठारातलं धान्य घटत गेलं, तसं त्यांचं पोट वाढत गेलं. साळिंदराने एक कणगी काढली आणि वर मुकुट ठेवला, बस्स. राजेसाहेबांनी स्वतःला लगेच ओळखलं, म्हणून साळिंदर तुरुंगात गेला. तो आत होता तोवर त्याच्या पोरांना मुशाने जेवू घातलं.

मग कोल्हा प्रधान तुरुंगात आले. आपलं राज्य कलाप्रेमी आहे, असं बरंच बोलले. शेवटी म्हणाले, "चित्रं काढ की. फक्त मान वर करून काढू नकोस. आजूबाजूला बघून काढ."

साळिंदर सुटला. त्याने मठ्ठ गाढव काढलं, अधाशी बकरी काढली, आळशी म्हैस काढली. गाढवाला बकऱ्या हसल्या, बकरीला म्हशी. खप वाढला.

कोठार पुरतं रिकामं झालं तेव्हा प्रधानांनी चोराचं चित्र मागवलं. साळिंदराने उंदीर काढला. समोर उंदीर एकच होता, म्हणून त्याचा फाटका कानही चित्रात आला.

शाई लावता लावता मुशाने विचारलं, "दादा, हा मी नाही ना?"

"छे रे. तू घरचा. हे उंदीर लोक."

शनिवारी म्हशी मुशाच्या बिळाशी आल्या. आत त्याची पिल्लं होती. दगडावर काढलेलं छापात उलटं उमटतं, त्यामुळे चित्रात उजवा कान फाटका होता. मुशाने आपला फाटका डावा कान सगळ्यांना दाखवला.

थोरली म्हैस म्हणाली, "बघा, आता कानसुद्धा बदलायला लागले हे."

साळिंदर गर्दीतच होता. मुशाने त्याच्याकडे पाहिलं. कलावंताने वादात पडू नये, असं साळिंदर म्हणाला.

उंदीर पिल्लं घेऊन नदीपार गेले. तरीही कोठार भरलं नाही, म्हणून प्रधानांनी बकऱ्यांचं चित्र मागवलं.

पुढे साळिंदराचंही काम सुटलं. आता त्या जंगलात जो तो पहाटे उठून शेजाऱ्याचं चित्र स्वतःच काढतो आणि दात घासायच्या आधी सगळ्या नातेवाइकांना पाठवून मोकळा होतो.