आखूड शेपटीचं घराणं

फार जुनी गोष्ट. माळावरच्या एका कळपाचा पुढारी होता झुंबरराव मेंढा. त्याची शेपूट जन्मतःच आखूड, म्हणून आखूड शेपूट तेवढी खानदानी, असं त्याने ठरवून टाकलं. सोयरीकही आखूड शेपटीवाल्यांतच होऊ लागली.

पुढे त्याची नात कवडी व्याली. कोकराला शेपूटच नव्हती. झुंबरराव हरखला, पण कोकराला मागच्या पायांवर उभं राहता येईना. ते दगावलं. दुसऱ्या खेपेलाही तसंच झालं.

मग कवडीने शेजारच्या कळपातला लांब शेपटीचा मेंढा निवडला. या वेळचं कोकरू जन्मताच धडपडत उठलं.

"शेपूट जरा वाढलीय," झुंबरराव म्हणाला, "पण उभं राहणं बघ, थेट माझ्यावर गेलंय."

"आजोबा, बाजूला व्हा," कवडी म्हणाली. "त्याला पळायचंय."