पत्र्याआडची खुडूक कोंबडी

त्या वर्षी वैशाखात झिंगाजी महाराजांचा मुक्काम वऱ्हाडातल्या सोनझरी गावच्या मठात होता. महाराज अंगणातल्या निंबाखाली घोंगडीवर बसत. मठाचा कारभारी शेषराव मात्र वाळ्याचे पडदे लावलेल्या खोलीत अनुष्ठान करी, आणि त्या पडद्यांवर दोन गडी सारखे पाणी मारीत. देवाचे नाव घ्यायला एवढा गारवा लागतो, हे गावाला तेव्हाच कळले!

मठाच्या कुंपणाला लागून कौतिकाची झोपडी होती. बाई विधवा, कोंबड्यांवरच तिचे पोट. खुराडे तुराट्यांचे, वारा आरपार जाणारे. उन्हाळ्यात ती त्यावर ओले पोते टाकी, भर दुपारी दाणे घालत नसे आणि सावलीत मातीचे परळ पाण्याने भरून ठेवताना म्हणे, “घ्या महाराज, पानी प्या.”

शेषराव हसे. “काय गं कौतिके, तुझे महाराज खुराड्यात बसतात का?”

उत्सव जवळ आला. कौतिका काटक्या आणायला रानात गेली होती, तेवढ्यात शेषरावाने खुराडे चहूबाजूंनी पत्र्याने ठोकून घेतले. पाहुण्यांना कोंबड्या दिसू नयेत म्हणे! मठाच्या विहिरीचे पाणी तर त्याने सकाळपासूनच तिला बंद केले होते. अहो, वैशाखातल्या उन्हात पत्रा? भाकरी भाजली असती त्यावर!

कौतिका परतली आणि तिच्या अंगाची लाहीलाही झाली. फटीतून पाहते तो कोंबड्या चोची उघडून धापा टाकताहेत, पंख अंगापासून दूर धरून उभ्या आहेत. खुडूक कोंबडी तर अंड्यांवरून उठायलाच तयार नव्हती. तिची मान एका बाजूला कलली होती. कौतिकाने पत्रा ओढला, हात पोळले, खिळे हलले नाहीत. घरात पाण्याचा थेंब नाही.

ती तडक मठात शिरली. नमस्कार नाही, काही नाही. “महाराज, कायचा देव आन् कायचा मठ! माह्या कोंबड्या जित्त्या भाजून राह्यल्या अन् तो कारभारी पडद्याले पानी पाजून राह्यला! म्या रोज तुमच्या नावानं पानी ठेवलं. आज तुमी कुठी गेले?”

भोवतालचे लोक घाबरले. महाराजांच्या ओठांना भेगा पडल्या होत्या. सकाळपासून त्यांनी तांब्याला हात लावला नव्हता. महाराज म्हणाले, “माय, तू पाणी ठेवलं नाहीस, मग मी पिऊ कसा?”

आणि महाराज उठले. डोळे लाल झाले होते. तापलेला पत्रा त्यांनी उघड्या हातांनी खेचला, आणि खिळे चिखलातून निघावेत तसे निघाले! चारी पत्रे दूर भिरकावून महाराज भर उन्हात खुराड्याला टेकून बसले. पाहता पाहता तिथे गार वारा सुटला. कोंबड्यांनी चोची मिटल्या. खुडूक कोंबडीने मान वर केली.

तिकडे वाळ्याच्या खोलीत ओरडा झाला. पडद्यावर टाकलेले पाणी तव्यावर पडावे तसे चरचरून उडत होते. शेषराव तोंड वासून, हात अंगापासून दूर धरून धापा टाकत बाहेर आला. निंबाखाली गेला, तिथे जाळ. विहिरीवर गेला, तिथेही जाळ. अखेर खुराड्याजवळ पाऊल पडले तेव्हा कुठे त्याला श्वास घेता आला.

त्याने महाराजांच्या पायांवर पडायला वाकावे, तर महाराजांनी पाय आखडून घेतले. “माझ्या पाया काय पडतोस? हे दार तिचं आहे.”

शेषराव कौतिकाकडे वळला. “बाई, चुकलो. माझी मती फिरली होती.” आणि डोके टेकायला खाली वाकला.

कौतिकाचा राग तसूभरही उतरला नव्हता. तिने रिकामे परळ त्याच्या हातात दिले. “आधी पानी ठेवा कारभारी. मंग डोकं ठेवा.”

शेषरावाने जाळ सोसत स्वतः विहिरीतून पाणी शेंदले. भरलेले परळ घेऊन तो खुराड्यापाशी आला. दार एवढे ठेंगणे की आत परळ सरकवायला त्याला कपाळ मातीला टेकवावे लागले. खुडूक कोंबडी अंड्यांवरून उठली आणि पाणी प्यायली. मगच महाराजांनी तांब्या तोंडाला लावला.