सपाट स्पीकर आणि नवा ॲम्प्लिफायर

ज्याच्या मुखातून देवाचे नाव निघते तो मोठा, की ते नाव मोठे? सांगा बरे.

यंत्रांना वाचा होती त्या काळची गोष्ट. भार्गवपंतांच्या घरी दाराच्या फळीसारखे दोन सपाट स्पीकर होते. रोज पहाटे त्यांतून भूपाळी उमटे. गाणे आणखी खुलावे म्हणून पंतांनी जुना ॲम्प्लिफायर काढून नवा, दांडगा आणला.

नवा हसून एका स्पीकरला म्हणाला, "काय हो फळीबुवा, ना पोट, ना छाती! तुम्ही गाणार कशाने?"

"गाणारी माउली वेगळी, ती तबकडीत आहे, बाबा," स्पीकर म्हणाला. "आपण फक्त वाट द्यायची."

पहाटे भूपाळी सुरू झाली आणि नवा थक्क झाला. दोन शब्दांमधला माउलीचा श्वास, तंबोऱ्याच्या तारेवरून सुटणारे बोट, सारे खोलीत जणू प्रत्यक्ष उभे राहिले. पंतांनी नकळत हात जोडले. नव्याला वाटले, हे हात आपल्यालाच जोडले आहेत.

"उद्या माझे खरे बळ ऐकवतो," तो म्हणाला.

"नको रे! आम्हां सपाटांना जोर नको, तोल हवा. आम्ही वीज फार ओढतो; जोर केलास तर तूच जळशील," स्पीकर कळवळला.

दुसऱ्या पहाटे नव्याने सारे बळ एकदम ओतले. स्पीकरचा तलम पडदा थरथरला, पण टिकला. नवाच आतून जळाला, आणि देवाचे नाव अर्ध्यावर तुटले.

पंतांनी जुना पुन्हा जोडला. नव्याला माळ्यावर टाकले. तेथे त्याला भूपाळी रोज ऐकू येई. परंतु तिचा एकही स्वर पुन्हा कधी त्याच्यातून गेला नाही.